दुखणे घरात, गहू शेतात

भोपाळात नोकरी आणि गावाकडे थोडीबहुत जमीन, अशी दोन डगरींवर हात ठेवून गृहस्थी करणारी मराठी कुटुंबे आपल्या या भागात पुष्कळ आहेत. कोणाची जमीन जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या अमदानीतली, विदिशा, बासोदा, शाजापूर या बाजूची. कोणी १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली तेव्हा नागपूरची कचेरी सोडून दप्तरांबरोबर इकडे आले आणि पुढे पगारातल्या शिलकीतून सीहोर-रायसेनकडे पाच-दहा एकर घेऊन बसले. ‘भेल’च्या कारखान्यात पाळी करून सुटीच्या दिवशी शेत गाठणारे आहेत, विदिशेहून रोज रेल्वेने कचेरीस येणारे आहेत. या येरझारीला इकडे ‘अपडाउन’ म्हणतात, आणि आता तो शब्द आपल्याही घरांत इतका रुळला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा असे कोणास वाटत नाही.

साधारण वर्षी हे गाडे बरे चालते. वडीलधारे गावी राहून गड्यांवर नजर ठेवतात, मुलगा भोपाळात नोकरी करतो, सून शाळा किंवा बँक सांभाळून सणासुदीला दोन्ही घरे पाहते. सारे चालते ते मात्र घरातली माणसे धडधाकट आहेत या एका गृहीतावर. ऐन सुगीत कोणी अंथरूण धरले की काय होते, याचा विचार आपण निरोगी दिवसांत करीत नाही, आणि दुखणे आल्यावर विचाराला सवड नसते. या महिन्यात त्याच विषयावर चार शब्द लिहावे असे आम्ही ठरविले आहे.

पहिली गोष्ट वर्षाच्या घडणीची. आपल्या काळ्या जमिनीत १९७०च्या सुमारापर्यंत पावसाळ्यात फारसे पीक घेत नसत. पुष्कळ शेते पाऊस पीत मोकळी पडून असत, अधूनमधून वखर फिरे, आणि मुरलेल्या ओलीवर दसऱ्यानंतर गहू-हरभरा पेरीत. नर्मदेच्या खोऱ्यात तर बांध घालून शेतात पाणीच कोंडीत. ‘हवेली’ म्हणून ती पद्धत प्रसिद्ध होती. आषाढ ते आश्विन हे दिवस त्यामुळे शेतकऱ्याला काहीसे सैल जात. हिवताप, पोटाची दुखणी, सांधेदुखी यांचेही दिवस तेच. भाद्रपदात घरातली दोन माणसे तापाने पडली तरी शेताचे फार बिघडत नसे. ही काही कोणी ठरवून केलेली व्यवस्था नव्हती, पण ती होती.

मग सोयाबीन आले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात १९६०च्या दशकात त्याचे प्रयोग झाले, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते माळव्यापासून विदिशेपर्यंत पसरले, १९८७ साली इंदूरला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. रिकाम्या शेतात पीक उभे राहिले, हातात पैसा आला. सोयाबीनने पक्की घरे बांधली आणि मुलींना इंजिनीयर केले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्याने वर्षातली मोकळी जागा खाऊन टाकली. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे कापावे लागते. आठ दिवस उशीर झाला की शेंगा तडकून दाणे जमिनीवर. ते खळ्यावरून हलते न हलते तो शेताला पलेवा देऊन, म्हणजे पेरणीपूर्वीचे पाणी देऊन, गव्हाची पेरणी. आणि नेमक्या याच आश्विन-कार्तिकात आता डेंगी आणि चिकनगुनिया घरोघर हिंडत असतात. चिकनगुनियाने आखडलेली बोटे विळा धरू शकत नाहीत, आणि ती सुटायला कित्येकदा महिने जातात. पूर्वी जमीन थोडी रजा देत असे. आता देत नाही. घरातल्या दुखण्याने हल्ली आपण इतके हवालदिल का होतो, याचे एक कारण आम्हांस इथे दिसते.

जमीन रजा देत नाही हे खरे, पण तिची सगळीच कामे सारखी निकडीची नसतात. गव्हाला पाच-सहा पाणी द्यावे असे शास्त्र सांगते. तेच शास्त्र असेही सांगते की एकच पाणी देणे शक्य असेल तर ते पेरणीनंतर वीस ते पंचवीस दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्यावे. ते चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढच्या कोणत्याही पाण्याने ती कसर भरून निघत नाही. उलट मधले एखादे पाणी आठवडाभर मागेपुढे झाले तर दाणा थोडा बारीक पडेल, पण पीक जाणार नाही. घरात रोगी असताना सहाही पाणी वेळेवर देण्याचा हट्ट धरणारी माणसे आम्हांला ठाऊक आहेत. पंपाला वीज दिवसाकाठी दहा तास मिळते, तीही तुकड्यातुकड्यांनी आणि पुष्कळदा रात्री. पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता बांधावर उभे राहून सकाळी आठच्या गाडीने कचेरी गाठायची आणि संध्याकाळी रोग्याच्या उशाशी बसायचे, हे फार दिवस चालत नाही. घरात एक आजारी होता, त्याचे दोन होतात.

ज्यांच्या घरी दीर्घ दुखणे आहे, म्हणजे वडिलांना पक्षाघात झालेला आहे किंवा आईचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी तर पेरणीच्या वेळीच हात आखडावा असे आमचे स्पष्ट मत आहे. सगळ्या रानात बागायती गहू न घेता निम्म्यात हरभरा टाकावा. त्याला एक पाणी पुरते, जास्त झाले तर तो नुसता पाल्यालाच वाढतो. घाटेअळीवर नजर ठेवली की झाले. गहूच हवा तर सीहोरचा शरबती आहेच. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या चवीमुळे आणि सोनेरी दाण्यामुळे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा, की सी-३०६सारखे जुने वाण एक-दोन पाण्यांवर निभावतात. उतारा कमी येतो, भाव चांगला मिळतो, आणि रात्रीच्या जागरणाच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. शेजारी हसतील. हसू द्यावे.

शेताचे असे काही कमीजास्त करता येते, पण गोठ्याचे तसे नाही. म्हशीला सकाळ-संध्याकाळ धार, वैरण, पाणी, शेण. तिला एकादशी नाही आणि रविवार नाही. त्यातून म्हैस मोठी मानी. ओळखीचा हात नसला तर पान्हा चोरते, आणि दोन-चार वेळा दूध तुंबले की कास सुजते. घरातली जी व्यक्ती धार काढते तीच आजारी पडली, तर शेतापेक्षा गोठा आधी अडतो. गोठ्यातले निदान एक जनावर दोन हातांना सवय झालेले असावे, एवढी दक्षता प्रत्येक घराने घ्यावी. आणि दुखणे लांबणार असे दिसले तर दुभते जनावर वेळीच नातलगाकडे पोचते करावे किंवा विकावे. पुष्कळ घरांत ही गोष्ट शेवटपर्यंत लांबणीवर टाकतात, कारण म्हैस विकणे अपशकुनी वाटते. मग ती आटल्यावर पडत्या भावाने विकावी लागते.

इथे आमच्या घरचा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२१ सालचा एप्रिल. ती साथ कशी होती हे वाचकांस सांगायला नको. गावी आमचे वडील, आई आणि थोरले बंधू आठवड्याच्या आत एकामागून एक आजारी पडले. वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले, दोघे घरी निराळ्या खोल्यांत. आम्ही भोपाळात, कोरोना कर्फ्यूत अडकलेले. औषधे मिळवणे आणि फोन करणे यापलीकडे हाती काही नव्हते. गावात उभ्या राहिल्या त्या एकट्या वहिनी. त्या शिक्षिका. शाळा बंद होत्या, पण मोबाइलवरचे वर्ग आणि निकालपत्रके यांतून सुटका नव्हती. उशिरा पेरलेला सहा एकर गहू शेतात वाळून उभा, गोठ्यात दोन म्हशी. एक म्हैस वहिनींना जवळ येऊ देईना. तेव्हा त्यांनी आईची शाल अंगावर घेतली आणि धारेला बसल्या. तिसऱ्या दिवशी तिने पान्हा सोडला.

मजूर मिळेनात. प्रत्येक घरात कोणीतरी खोकत होते. पंजाबातून हार्वेस्टर दरवर्षी फाल्गुन-चैत्रात आपल्या भागात येतात, त्यांपैकी एक शेजाऱ्यांच्या रानात चालले होते. शेजाऱ्यांनी स्वतः होऊन ते आमच्या बांधावर आणले आणि दोन-अडीच तासांत सहा एकर उरकले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण हार्वेस्टर गहू वरच्या वर कापतो, खाली गुडघाभर नरवाई उभी राहते. तिचा भुसा करणारे निराळे यंत्र त्या धांदलीत कोणी आणायचे? वर्षाचा भुसा गेला. पुढे ज्येष्ठात एक म्हैस विकली त्याचे मूळ इथे आहे.

खरी अडचण मात्र त्यानंतरची. सरकारी उपार्जन केंद्रावर गहू कोणत्या दिवशी न्यायचा याचा संदेश नोंदणी केलेल्या मोबाइलवर येत असे. नोंदणी वडिलांच्या नावची, मोबाइल वडिलांचा, आणि तो रुग्णालयात त्यांच्या उशाखाली बंद पडून होता. संदेश येऊन गेल्याचे आम्हांला चार दिवसांनी कळले. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला १९७५ रुपये. पुन्हा पाळी येण्याची वाट पाहता आली असती, पण औषधांना पैसा त्याच आठवड्यात हवा होता. खळ्यावर येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला वहिनींनी गहू दिला, क्विंटलमागे दोनशे रुपये सोडून. डिझेलच्या दुकानाची उधारी किती, कोणत्या गड्याला उचल दिली आहे, बियाण्याचा गहू कोणत्या कोठीत आणि खाण्याचा कोणत्या, ट्यूबवेलच्या मोटारीची हमी कधी संपते, हे सारे वडिलांच्या डोक्यात होते आणि वडील प्राणवायूवर होते. अंगमेहनत वहिनींनी निभावली. त्यांना अडवले ते या न लिहिलेल्या माहितीने.

वडील वाचले. शेतापर्यंत चालत जाणे मात्र त्यांचे तेव्हापासून संपले. आषाढात ते ओसरीवर बसू लागले, तेव्हा वहिनींनी एक शंभर पानी वही पुढे ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस वडील चिडून गप्प राहिले. आपले मृत्युपत्रच लिहून घेताहेत असे त्यांना वाटले असावे, आणि यात त्यांची काही चूक नव्हती. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर शेत चालले त्याला शब्द कागदावर उतरवून द्या म्हणणे सोपे नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी शेतातल्या नाल्याकडच्या कोपऱ्याबद्दल विचारले, तिथे गहू दरवर्षी पिवळा का पडतो म्हणून. त्यावर ते अर्धा तास बोलले. मग वही महिनाभर चालली. कोणत्या तुकड्यात पाणी कोणत्या बाजूने सोडायचे, कोणत्या बोअरचे पाणी माघात खाली जाते, कोणाशी बांधाची कुरबूर जुनी आहे आणि त्यावर आजोबांनी काय तोड काढली होती, हेही तीत आहे. अशी वही प्रत्येक घरी असावी असे आम्हांला वाटते. ती मागायची मात्र माणूस बरा असताना, आणि मागताना पैशांपासून सुरुवात करू नये.

या प्रसंगात वहिनींच्या जागी कोण असते, याचाही विचार व्हावा. घरात दुखणे आले की पुरुषाची नोकरी ‘नोकरी’ राहते आणि स्त्रीची नोकरी ‘सोय’ होते. तिने रजा काढावी हे कोणी बोलून दाखवीत नाही; ते ठरलेलेच असते. रोग्याचे पथ्य, गोठा, मुलांचा अभ्यास आणि तिची स्वतःची पाळी यांत तिची जी ओढाताण होते ती आपण कौतुकाच्या शब्दांनी झाकतो. तिला थोर म्हणण्यापेक्षा पंपाचा स्टार्टर कसा चालू करायचा, फ्यूज कुठला, ट्रॅक्टर मागे कसा घ्यायचा, हे तिला वेळेवर शिकवलेले अधिक बरे. सीहोर जिल्ह्यात बुधनी येथे १९५५पासून ट्रॅक्टर व यंत्रांचे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्याच भोपाळात, बैरसिया रस्त्यावर नबीबाग येथे १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. दातेरी विळा, दोन चाकांचे हातकोळपे, मक्याचे दाणे काढण्याची नळी अशी साधी, हलकी अवजारे तिथे तयार झाली, ती बायकांच्या हाताचा आणि उंचीचा विचार करून. आपल्यापैकी किती जणांनी ती संस्था आतून पाहिली आहे? तिच्यावरून रोज जाणारे पुष्कळ असतील.

आतापर्यंत लिहिले ते येऊन जाणाऱ्या दुखण्याविषयी. भोपाळात राहून दुखण्यावर लिहायचे आणि १९८४चा उल्लेख टाळायचा, हे होणे नाही. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले, काझी कॅम्प, जयप्रकाशनगर, चांदबड, रेल्वे कॉलनी या वस्त्यांवरून पसरले, आणि पाच लाखांहून अधिक माणसांच्या श्वासात गेले. माणसांबरोबर गोठ्यांतली जनावरेही दावणीला मेली. उरलेला वायू निकामी करण्याचे काम १६ डिसेंबरला होणार असे जाहीर झाले, तेव्हा धास्तावलेले लोक लाखांच्या संख्येने शहर सोडून निघाले. रेल्वेने, बसने, बैलगाडीने ते आसपासच्या गावांतल्या नातलगांकडे पोचले. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला पहिले पाणी द्यायचे ते दिवस. ज्या घरांनी त्यांना ठेवून घेतले, त्यांनी सुजलेल्या डोळ्यांची आणि धाप लागलेली माणसे ओसरीवर निजवून रात्रीची पाणपाळी केली. भोपाळच्या आपत्तीवर पुष्कळ लिहिले गेले; त्या खेड्यांनी केलेल्या शुश्रूषेवर फारच थोडे.

त्या माणसांचे दुखणे पंधरा दिवसांत संपले नाही. छाती कायमची अधू झालेला माणूस दिसायला धडधाकट दिसतो. त्याला दहा पावले चालता येतात, बोलता येते, जेवता येते. पण हमाली होत नाही, डोक्यावर पाटी जात नाही आणि थ्रेशरपाशी उभे राहता येत नाही, कारण मळणीची धूळ त्याला सोसत नाही. अशा माणसाला घरचे लोक आधी आजारी म्हणतात, मग नाजूक म्हणतात, आणि काही वर्षांनी आळशी म्हणतात. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. बहुसंख्य पीडितांच्या हाती पहिल्या खेपेस जे पंचवीस हजार रुपये पडले त्यांसाठीही दावा न्यायालयात तारखेमागून तारखा उभे राहावे लागले, आणि प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेली मजुरी. मोठे स्मारक रुग्णालय उघडले ते २००० साली. मधल्या पंधरा वर्षांत ज्या बायकांनी विड्या वळून आणि लोकांची धुणीभांडी करून नवऱ्याचा दवाखाना चालवला, त्यांची ही कहाणी शेताची नसली तरी प्रश्न तोच होता: जे दुखणे संपणारच नाही, त्याच्याभोवती घरातली कामे पुन्हा कशी वाटायची?

आमच्या समजुतीने अशा वेळी घराने काही काळ वाट पाहून एकदा बसून ठरवले पाहिजे की हा माणूस आता पूर्वीचे काम करणार नाही. हे उच्चारणे कठीण असते. रोग्याच्या मनाला लागेल म्हणून कोणी बोलत नाही, आणि त्याच्या वाटणीची कामे बोलल्यावाचून कोणाच्या तरी अंगावर पडत राहतात. त्याला जमेल असे काम द्यावे, आणि ते खरे असावे. हिशेब, मंडीचे भाव, गड्यांची हजेरी, वीज कधी येते-जाते याची नोंद, हे बसल्या जागी होते आणि त्याला किंमत आहे. मन रमावे म्हणून दिलेले काम रोग्याला लगेच ओळखू येते.

आता कागदांविषयी. महाराष्ट्रातले नातलग सातबारा म्हणतात, आपल्याकडे खसरा आणि ऋणपुस्तिका. नाव काहीही असो, त्यावर बहुधा एकट्या वडिलांचे नाव असते. बँकेतले खाते त्यांचे, कर्ज त्यांचे. त्यांनी अंथरूण धरले की सारे थिजते. खाते निदान दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशा पद्धतीचे करून घ्यावे. मुखत्यारनामा करून ठेवणारे थोडे शहाणे असतात. पण एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: साधा मुखत्यारनामा देणाऱ्याच्या मृत्यूने तर संपतोच, तो देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही तरीही संपतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या नावचा जुना कागद दाखवून व्यवहार करू पाहणारा मुलगा स्वतःला आणि समोरच्यालाही अडचणीत टाकतो.

नोकरीच्या बाजूने काय सवलत आहे तेही पाहावे. केंद्र सरकारच्या नोकरास वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी आणि ८ दिवस नैमित्तिक रजा असते. वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी निराळी रजा नाही. ती याच रजांतून काढता येते असे सरकारने जुलै २०२५मध्ये राज्यसभेत सांगितले. खासगी नोकरीत याहून कमीच. मोजक्या रजा कधी खर्चायच्या, याबद्दल आमचा अनुभव असा की पहिल्या आठवड्यात सगळे धावून येतात. मावसभाऊ येतात, कचेरीतले येतात, डबे येतात. तिसऱ्या आठवड्यात रोगी घरी आलेला असतो आणि घरात कोणी नसते. रजा त्या वेळेसाठी राखावी.

फिनलंडात दुभती जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याने वर्षाला २६ दिवसांची सुटी आहे. तेवढे दिवस गोठा पाहायला शिकलेला बदली माणूस येतो. शेतकरी आजारी पडला तरी येतो. जर्मनीत शेतकऱ्यांच्या विमासंस्था दुखण्याच्या दिवसांत शेतावर एक माणूस आणि गरजेप्रमाणे घरात एक मदतनीस पाठवतात. हे वाचून हेवा वाटतो. पण आपल्याकडेही काहीच नव्हते असे नाही. कोकणात सावड होती, देशावर इर्जिक होते. नांगरट अडलेल्या शेतकऱ्याच्या रानात गावचे बैल एका दिवशी जुंपत, आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे. आपल्या प्रांतात झाबुआकडच्या भिल्लांमध्ये ‘हलमा’ आहे. ज्याचे काम संकटामुळे अडले त्याने हाक द्यायची, आणि वस्तीने मोबदला न घेता येऊन ते पुरे करायचे. अलीकडे तिथल्या लोकांनी हाथीपावा टेकडीवर पाणी अडवण्यासाठी हजारोंच्या संख्येने हलमा केला, तो वर्तमानपत्रांतून गाजला. हलम्यातली आम्हांला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे हाक देण्यात लाज नाही. आपण पांढरपेशे लोक मदत करायला तयार असतो, मागायला मात्र नाही. गणेशोत्सवात दहा दिवस एकमेकांच्या घरी आरतीला जाणारी कुटुंबे एकमेकांच्या शेताचा पत्ताही जाणत नाहीत.

शेवटी बटाईविषयी, कारण दुखणे लांबले की बहुतेक घरे त्याच वाटेने जातात. आपल्याकडे बटाई तोंडी चालते. लिहून दिले तर जमीन जाईल अशी मालकाला धास्ती, आणि न लिहिल्यामुळे गारपीट झाली की भरपाई कोणाची यावर तंटा. मध्य प्रदेश विधानसभेने २०१६ साली भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा संमत केला तो याच भीतीवर उपाय म्हणून. त्यात लेखी कराराची तरतूद आहे. शेतीचा साल आपल्याकडे आखातीजेपासून धरतात. ज्यांच्या घरी यंदा कोणी अंथरुणावर आहे त्यांनी तोवर थांबू नये, फाल्गुनातच बटाईदाराशी बोलून घ्यावे. खत-बियाण्याचा खर्च कोणाचा किती, पाण्याचे बिल कोणी भरायचे, नुकसानभरपाई आली तर वाटणी कशी, आणि भुसा कोणाचा, हे चारही मुद्दे कागदावर यावेत. भुशाचे लिहायला लोक हटकून विसरतात.